लंबूची बाजू

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो. बाकी जन्मभर त्याने एका माणसाची वकिली केली, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नाही. तो माणूस म्हणजे लंबू.

लंबू आमच्या नात्यातला नाही, ओळखीतलाही नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा समुद्रापलीकडच्या एका रॉक बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा. उंच, पोक काढून उभा राहणारा, केसांनी अर्धा चेहरा झाकलेला. बँडचं खरं नाव लांबलचक होतं आणि दादा ते उच्चारताना दरवेळी अडखळायचा, म्हणून आमच्या घरात त्यांना 'ते चौघे' म्हणायची पद्धत पडली. मध्यंतरी त्यांनी एक पियानोवाला घेतला आणि ते पाच झाले. तरी आमच्याकडे चौघेच. पाचव्याला मोजायला दादाने साफ नकार दिला.

तर झालं असं, की चार रेकॉर्ड निघाल्यावर लंबू बँड सोडून गेला. त्याच्या जागी एक चष्मेवाला आला, आणि पाचव्या रेकॉर्डपासून बँडचा आवाज बदलला. लंबूचा तो पहिला संच, चष्मेवाल्याचा दुसरा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. इथून पुढे आमच्या घरात कपबशा फुटल्या आहेत.

"बँड लंबूबरोबर संपला," दादा म्हणायचा. "नंतरचे सगळे कागदोपत्री." मग तो समजावून सांगायचा, विचारा अगर न विचारा. "लिफ्ट मजल्यावर आली की लगेच दार उघडतं का? नाही. आधी ती बसते. एक क्षण जातो. मग दार. लंबू तसा वाजवतो. ड्रमचा ठोका पडला की हा लगेच येत नाही. बसतो. मग येतो. म्हणून त्या चार रेकॉर्ड ऐकताना पायाखाली जमीन असल्यासारखं वाटतं. आणि तो चष्मेवाला! दार उघडं टाकूनच पळत सुटतो."

"पळत नाही, गातो," असं म्हणणारा माणूस म्हणजे माझा नवरा. तेव्हा तो नवरा नव्हता. त्याची कथाही सांगून टाकते.

रेकॉर्डच्या दुकानात दादा नेहमीसारखा पाचवी रेकॉर्ड पुढून काढून मागे लपवत होता. हे तो नियमाने करायचा, गिऱ्हाइकांच्या भल्यासाठी. एका किडकिडीत मुलाने ती मागून काढून पुन्हा पुढे लावली. दादाने पुन्हा मागे नेली. त्याने पुन्हा पुढे आणली. दुकानदाराने दोघांनाही बाहेर काढलं. ते फुटपाथवर भांडत राहिले आणि भांडत भांडतच आमच्या घरी आले, कारण रेकॉर्ड प्लेयर आमच्याकडे होता. मुलगा भांडायला येत राहिला आणि दार मी उघडत राहिले. लग्नाचं निघालं तेव्हा आईने दादाला विचारलं, मुलगा कसा आहे? दादा म्हणाला, "स्वभावाने चांगला आहे, औषधांच्या दुकानात नोकरीला आहे, व्यसन नाही. फक्त दुसऱ्या संचातला आहे."

माझ्या नवऱ्याचं म्हणणं दादाच्या बरोब्बर उलट. लंबू इतका कमी वाजवायचा की गिटारवाल्याला सगळ्या मोकळ्या जागा भरत बसावं लागायचं. बिचारा पहिल्या चार रेकॉर्डवर घाम पुसायलाही थांबत नाही. चष्मेवाला आला, त्याने बेसवरच चाली काढल्या, आणि गिटारवाल्याला पहिल्यांदा गप्प बसता आलं. "तो गप्प बसायला शिकला म्हणून मोठा झाला, दादा! पाचव्या रेकॉर्डवर तो चार सूर वाजवतो आणि जीव घेतो!"

"चार सूर वाजवायला लंबू होता की! मग त्याला का काढलं?"

"काढलं नाही, तो गेला!"

"जायला लावलं!"

मलाही एक मत होतं. मी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते. दिवसभर यंत्राच्या घरघरीत असते, त्यामुळे मला आवाज सुटे सुटे ऐकायची सवय आहे. मी म्हणायचे, "तुम्ही दोघंही चुकताय. ड्रमवाला ऐका. माणूस तोच, ड्रम तेच, पण चौथ्या रेकॉर्डवर तो चौकीदार वाटतो आणि पाचव्यावर सुट्टी लागलेला पोरगा. गेला एक आणि बदलले तिघं. भांडायचं तर यावर भांडा."

"तू चष्म्याच्या धंद्यातली," दादा म्हणायचा. "तू चष्मेवाल्याचीच बाजू घेणार. जा, चहा टाक."

"चहा तुम्ही टाका. मी मत टाकलंय."

असा आमचा संसार. आणि त्यातून, जे व्हायचं तेच झालं: यांनी स्वतःचा बँड काढला.

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याकडे ड्रमचा संच होता. सलूनच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी. शाळेत विज्ञान शिकवणारे सर गायचे. वर्गावर ओरडून त्यांचा घसा बसलेला होता आणि 'त्या चौघां'च्या गाण्यांना असाच घसा लागतो. गिटार माझ्या नवऱ्याची, बेस दादाचा. सलूनच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली ओढून हे चौघे सुरू व्हायचे. तिन्ही भिंतींना आरसे. कुणी चुकला की त्याचा चेहरा तिन्ही बाजूंनी दिसायचा. माझी वहिनी, म्हणजे दादाची बायको, एकदा डोकावून बघून म्हणाली, "ते चौघे तिकडे, हे बाकीचे." नाव तेच पडलं. बाकीचे.

पहिल्याच दिवशी दादाने नियम घातला. एक जण गेला की शटर खाली. बदली माणूस घ्यायचा नाही. 'त्या चौघां'नी जे पाप केलं ते आपण करायचं नाही. सगळ्यांनी ड्रमवर हात ठेवून कबूल केलं. सलूनवाल्याने विचारलं, "आणि मी मेलो तर?"

"तर तू गेलास असंच धरू," दादा म्हणाला.

या सलूनमध्येच टॉवेलची परीक्षा सुरू झाली. वाद फार तापला की वादी खुर्चीत बसायचा, सलूनवाला खुर्ची मागे कलती करायचा आणि तोंडावर टॉवेल टाकायचा, कारण एवढ्या आरशांत नुसते डोळे मिटतो म्हणणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसणार? मग 'त्या चौघां'च्या एखाद्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण लावायचं आणि टॉवेलखालच्याने सांगायचं: पहिला संच की दुसरा? सर नेहमी चुकायचे. माझा नवरा गिटारवरून ओळखायचा. दादा बेस सुरू व्हायच्या आधीच सांगायचा. "कसं ओळखलंस?" विचारलं तर म्हणायचा, "लंबू येण्याआधी थांबलेला ऐकू येतो."

वर्षानुवर्षं हे असं चाललं. लोकांसमोर वाजवायची वेळ कधी आली नाही आणि आणायची कुणाला हिंमतही नव्हती. मग चौकातल्या सभागृहाची दुरुस्ती झाली, ते पुन्हा उघडायचं ठरलं, आणि त्या आठवड्यात रोज संध्याकाळी कुणीतरी काहीतरी सादर करणार असं जाहीर झालं. सरांनी कुणालाही न विचारता 'बाकीचे' हे नाव देऊन टाकलं.

काय गोंधळ उडाला! सलूनवाल्याने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आम्हाला फोन केला. माझ्या नवऱ्याने तीनदा गिटारच्या तारा बदलल्या. दादा तर वीस वर्षांनी लहान झाला. लिफ्टच्या खोलीत उभा राहून, हातात पाना घेऊन, गुणगुणायचा. शेवटचं गाणं कुठलं घ्यायचं यावर वाद झाला नाही, आणि आमच्याकडे वाद न होणं म्हणजे केवढी गोष्ट! बोटीचं गाणं. तिसऱ्या रेकॉर्डवरचं, पहिल्या संचाचं, लंबूचं. दुसऱ्या संचातल्या माझ्या नवऱ्यानेही मान डोलावली.

त्या गाण्यात एक वळण आहे. सगळं थांबतं आणि चाल परत पहिल्या जागी येते. तिथे दादा दरवेळी उशिरा यायचा. लंबूही उशिरा यायचा, पण दादा लंबूहून उशिरा. चूकच ती. पण इतक्या वर्षांत बाकीच्या तिघांनी तिथे दादासाठी थांबायची सवय करून घेतली होती, आणि आता ते गाणं तसंच आहे असं सगळ्यांना वाटायचं.

आणि मग दादाचा हात सापडला. जुन्या इमारतीतल्या लिफ्टचा दोर बदलताना डावा हात चाकात गेला. हात वाचला, बोटंही वाचली. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकेनासं झालं. बेसच्या तारा दाबायचा हात तोच.

दवाखान्यातून आल्यावर त्याने एक रबरी चेंडू घेतला आणि दिवसभर तो दाबत बसायला लागला. जेवताना चेंडू, बोलताना चेंडू. मग एके दिवशी चेंडू खिडकीत ठेवलेला दिसला आणि दादा सलूनमध्ये जाऊन म्हणाला, "नियम सगळ्यांना माहीत आहे. शटर खाली."

माझा नवरा आरशात बघत राहिला. सलूनवाल्याने स्वच्छ असलेली खुर्ची पुन्हा पुसली. वीस वर्षं वाट पाहून एक संध्याकाळ मिळाली होती, आणि ती या माणसाच्या एका शब्दावर जाणार होती. आणि तो तरी काय करणार? जो माणूस आयुष्यभर म्हणाला की एक गेला की बँड संपला, त्याने आता म्हणायचं की चालू द्या, माझ्यावाचून अडत नाही?

वहिनी त्याला डबा द्यायला आली होती. ती दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती एरवी कमी बोलते. त्या दिवशी म्हणाली, "अहो, बोटं तुमची गेलीत. त्यांची नाही."

दादाने डबा घेऊन आरशाखालच्या फळीवर ठेवला.

"आणि बदली माणूस कुठून आणायचा हा प्रश्नही नाही," वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "हिला बेस कुणी शिकवला लहानपणी? तुम्हीच ना? समोर वाजवायला कुणी नाही म्हणून रोज संध्याकाळी बसवायचात. रडायची बिचारी, सासूबाई सांगायच्या."

रडायचे नाही, चिडायचे. पण ते असो. दादा खुर्चीकडे गेला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या सुट्टीला टॉवेल टाका. मी ऐकतो. पटलं तर वाजवा. नाही पटलं तर शटर खाली, आणि परत विषय नाही."

मी दादाचा बेस घरी आणला आणि कामाला लागले. माझ्या डोक्यात एकच होतं: याला नाव ठेवायला जागा म्हणून द्यायची नाही. नवऱ्याच्या फोनवर सलूनमधल्या अलीकडच्या दुपारी साठवलेल्या होत्या. मी दादाचा एक एक सूर त्यातून उचलला. तो कुठे दाबतो, कुठे सोडतो, कुठे घासतो, कुठे श्वास घेतो. कारखान्यातही दुसरी काच पहिलीच्या नंबरची करायची तर तसूभरही इकडेतिकडे चालत नाही. तसंच हे, असं मी धरलं. बोटीच्या गाण्यातलं ते उशिरा येणंसुद्धा मी घोटलं. नवरा म्हणाला, "अगं, ती चूक आहे त्यांची." मी म्हटलं, "असू दे. हुबेहूब म्हणजे हुबेहूब."

सुट्टीचा दिवस आला. शटर अर्धं खाली. दादा खुर्चीत, खुर्ची कलती, तोंडावर पांढरा टॉवेल. वहिनी दाराशी स्टुलावर. माझे तळहात घामाने इतके ओले झाले की सलूनवाल्याने पावडरचा डबा पुढे केला.

आम्ही बोटीचं गाणं वाजवलं. काय सांगू, एक सूर चुकला नाही! वळण आलं, सगळे थांबले, मी दादाइतकीच उशिरा आले आणि गाणं धडधडत पुढे गेलं. संपलं तेव्हा सर आनंदाने लाल झाले होते. नवऱ्याने मला आरशातून अंगठा दाखवला.

टॉवेलखालून आवाज आला. "शटर खाली करा."

"काय?"

"बंद. पटलं नाही."

"चुकलं कुठे ते सांग!"

"कुठेच नाही," दादा म्हणाला. "माझी चूकही उचललीस. तीसुद्धा बरोबर वाजवलीस. हे तू नाही वाजवत आहेस. हा मी वाजवतोय. मी इथे खुर्चीत पडलोय आणि तिकडे मी वाजवतोय. माझ्या माघारी माझी रेकॉर्ड लावल्यासारखं वाटलं मला."

मग माझं डोकं फिरलं. रात्रंदिवस बोटं सोलून घेतली ती कशासाठी? मी बेस गळ्यातून काढलाही नाही, तशीच खुर्चीपाशी गेले आणि त्या टॉवेलला बोलले, कारण दादाचा चेहरा दिसत नव्हता. "आयुष्यभर त्या चष्मेवाल्याला शिव्या घातल्यास! का? तर तो लंबूसारखं वाजवत नाही म्हणून! आता मी तुझ्यासारखं वाजवलं, केसाचाही फरक नाही, तर तेही नको! मग तुला हवंय तरी काय?"

टॉवेल दादाच्या श्वासाने वर-खाली होत होता.

"तेच कळेनासं झालंय," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "मला वाटायचं, असंच पाहिजे असतं. गेलेल्याची जागा जशीच्या तशी ठेवायची. मान असतो तो. पण ऐकताना अंगावर काटा आला गं. चांगला काटा नाही."

वहिनी उठली. दादाने हात वर करून तिला थांबवलं, वाकत नसलेल्या बोटांचाच हात. "टॉवेल राहू दे. परत वाजवा. आणि तू... तुला येतं तसं वाजव. माझ्याकडे बघू नकोस. मला दिसत नाहीये तसंही."

मला माझं काय येतं हेच मला ठाऊक नव्हतं. आठवडाभर दादाच्याच बोटांनी वाजवत होते. सलूनवाल्याने चार मोजले आणि मी सुरू झाले. पहिल्या कडव्यात धडपडले. मग माझ्या लक्षात आलं की माझा हात लहान आहे, दादाच्या लांब उड्या मला झेपत नाहीत, जवळचे सूर घेतलेले बरे. घेतले. मग एक चाल हाताला लागली, गाण्याच्या खालून चालणारी, थोडी नखरेल. सलूनवाल्याने दचकून माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या हाताखालचे ड्रम सुटे झाले. अक्षरशः सुटे! वीस वर्षं ज्याने दादाच्या मागे राखण केली त्याने झांजेवर अशी काही झपाझप सुरुवात केली की कपाटातल्या बाटल्या वाजायला लागल्या. नवरा एकदम थांबला. नुसता उभा. मग त्याने एकच सूर लांबवला, तो विरेपर्यंत दुसरा वाजवला नाही. सर गाता गाता हसायला लागले. गाणं तेच होतं, माणसं तीच होती, आणि सलूनमध्ये चार वेगळीच माणसं वाजवत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. हेच तर मी म्हणत होते इतकी वर्षं! एक गेला की तिघं बदलतात!

मग वळण आलं.

सगळे थांबले. सवयीने थांबले, दादासाठी. आणि मी तिथे काही वाजवलंच नाही. ठरवून नाही, हातच गेला नाही. ती जागा माझी नव्हती. तिथे नुसती शांतता राहिली, जरा जास्तच लांब, आणि त्या शांततेत धाड्‌कन आवाज झाला. दादाने खुर्चीच्या पाय टेकायच्या लोखंडी पट्टीवर बूट आपटला होता. नेहमीइतकाच उशिरा. बरोबर तिथेच.

आम्ही सगळे त्या ठोक्यावर चाल घेऊन पुढे निघालो, आणि काय निघालो! संपलं तेव्हा बाहेर गल्लीत कुणीतरी शिट्टी वाजवली.

दादा हलला नाही. सलूनवाला काठ्या ठेवून पुढे आला आणि त्याने टॉवेल काढण्याआधी, गिऱ्हाइकाचा पुसावा तसा दादाचा चेहरा टॉवेलनेच पुसून घेतला, डोळ्यांवरून दोनदा. मग काढला. दादाचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "शटर पूर्ण वर करा. गुदमरायला होतंय इथे." मग माझ्याकडे वळला. "दुसऱ्या कडव्यात घाई करतेस."

"करणार," मी म्हटलं.

"कर," तो म्हणाला.

सभागृहातली संध्याकाळ मी नीट सांगू शकत नाही, कारण मला ती तुकड्यातुकड्यांनी आठवते. नव्या रंगाचा वास. पहिल्या रांगेत कारखान्यातल्या सगळ्या बायका. सलूनवाल्याची अर्धी गिऱ्हाइकं, दाढ्या करून. दादाला आम्ही मंचावर बसवायला बघत होतो, पण तो म्हणाला, "वाजवत नाही तो वर कशाला? शोभेला?" आणि शेवटच्या रांगेमागे, दाराला पाठ टेकून उभा राहिला. बोटीचं गाणं आलं, वळण आलं, आम्ही थांबलो. एवढ्या माणसांत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मागून, लाकडी दारावर, धाड्‌! लोक वळून बघायला लागले. आम्ही सुटलो. त्यानंतर लोकांनी जे टाळ्या आणि पायांनी सभागृह डोक्यावर घेतलं, त्यावरून नवीन रंग पक्का बसला होता हे सिद्ध झालं.

बाहेर पडताना एक अनोळखी गृहस्थ दादाला म्हणाले, "बँड छान होता. ते दार तुम्हीच वाजवलंत ना? तुम्ही त्यांच्यातले का?"

"मी पहिल्या संचातला," दादा म्हणाला. छाती काढून म्हणाला, मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या घरी आला. नवरा कामावर जायच्या तयारीत होता. दादा चपला काढून सरळ रेकॉर्ड प्लेयरपाशी बसला आणि म्हणाला, "जावईबापू, पाचवी लावा."

माझ्या नवऱ्याच्या हातातली पिशवी खाली पडली. इतक्या वर्षांत दादाने आपण होऊन पाचवी रेकॉर्ड मागितलेली नव्हती. नवऱ्याने ती काढली, फडक्याने पुसली, लावली आणि कामावर फोन करून पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आम्ही तिघंही जमिनीवर बसलो. चष्मेवाला सुरू झाला, वरच्या सुरांत, नखरे करत. दादाने एकदाही नाक मुरडलं नाही. पहिली बाजू संपली. त्याने स्वतः उठून रेकॉर्ड उलटी केली. दुसरीही ऐकली.

"बरा आहे," तो शेवटी म्हणाला.

"बरा?" नवरा उसळला. "दादा, नुसता बरा? अहो, तो ड्रमवाला ऐका, तो कसा..."

"ड्रमवाल्याचं मी आधी म्हटलेलं," मी म्हटलं.

"हो, हिनेच म्हटलेलं," दादा म्हणाला. "पहिला संच तो पहिला संच. त्यात बदल नाही. लिहून घ्या." रेकॉर्ड संपून नुसती फिरत होती, पिन कडेला टकटक करत होती, आणि ती उचलायचं कुणालाच सुचत नव्हतं. दादा आपली न वाकणारी दोन बोटं उजव्या हाताने चोळत होता.

"इतकी वर्षं मी त्याच्या बाजूने भांडलो," तो म्हणाला. "पण एक कधी मनात आलं नाही. लंबूने ही रेकॉर्ड ऐकली असेल का गं?"

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"ऐकली असेल," मी म्हटलं. "तोंडावर टॉवेल घेऊन."

दादा हसला. मग हसता हसता त्याला बोलता येईना. मी त्याच्या शेजारी सरकले, आणि नवऱ्याने हळूच पिन उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.